सेरिक इंग्रज होता

प्रिय ऑर्डगर,

'प्रिय' लिहिलं आणि बराच वेळ थांबले. मठातल्या बायांनी पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती, दुसरी मला येत नाही, म्हणून राहू दे. पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तुझ्याकडूनही काही आलं नाही. रानात लपलेल्या माणसाला पत्र पाठवायचं कुठे, हाही प्रश्न होताच. आता पाद्रीबाबांची बायको गोल्डा म्हणते की तिला तुझं ठिकाण माहीत आहे. कसं माहीत, ते मी विचारलं नाही. दर पंधरवड्याला ती टोपलीत पाव आणि खारवलेलं मांस घालून जळणाला म्हणून रानात जाते आणि जळण न घेताच परत येते. हे सगळ्या हॅझलफर्डला दिसतं, फक्त फ्रेंचांना दिसत नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे.

सेरिक गेला. मंगळवारी सकाळी सापडला. आज शुक्रवार. त्याला अजून पुरलेलं नाही. चर्चच्या ओसरीत ओल्या कापडाखाली ठेवला आहे, थंडी आहे म्हणून बरं. उद्या दुपारपर्यंत पुरता येणार नाही, कारण तो कोण होता हे अजून ठरायचं आहे. तो माझा भाऊ होता हे कुणी नाकारत नाही. तो इंग्रज होता की फ्रेंच, एवढंच ठरायचं आहे, आणि ते माझ्या तोंडून ठरणार आहे.

हा नवा कायदा तुला माहीत असेल, गावापेक्षा रानातच तो जास्त ठाऊक असणार. तरी लिहिते, म्हणजे माझं मलाच नीट कळेल. कुठे मारलेला माणूस सापडला आणि मारणारा सापडला नाही, तर मेलेला फ्रेंचच धरायचा. मग शेरीफची माणसं येतात, सगळ्या परगण्यावर दंड बसतो, तोही असा की नांगराचे बैल विकूनही पुरा पडत नाही. शिवाय मारणाऱ्याचा शोध तो हाती लागेपर्यंत चालतो. मात्र पाच दिवसांच्या आत मेलेल्याच्या रक्ताचं कुणी परगण्याच्या सभेत उभं राहून, तो इंग्रज होता, अशी शपथ घेतली, तर यातलं काहीच होत नाही. दंड नाही, शोध नाही. राजा फ्रेंचांचा, इंग्रज मेला तर त्याचं काही गेलेलं नसतं. बाबा आणि काका, फ्रेंच आले त्या वर्षी, दक्षिणेच्या लढाईतून आलेच नाहीत. आई त्या दुष्काळाच्या हिवाळ्यात गेली, ते तुला माहीत आहे. सेरिकच्या रक्ताची उरले ती मी एकटी. बाईची शपथ चालेल का, असा प्रश्न निघाला होता. शेरीफच्या कारकुनाने कळवलं की दुसरं कुणीच नसेल तर चालेल.

मला बसवत नाही. दोन ओळी लिहिते की उठते, दारापर्यंत जाते, कडी लावलेली आहे ना ते बघते आणि परत येते. कडी लावलेलीच असते. अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून गेले, तर सकाळचे दाणे तसेच पडलेले होते. मला वाटतं मी त्यांना तीनदा घातले. मठात असताना सिस्टर म्हणायच्या की वुल्फरून म्हणजे कोपऱ्यात ठेवलेलं बाक, हलवल्याशिवाय हलत नाही. आता त्यांनी मला बघावं.

तू गेलास त्या वसंतात सेरिक तुरस्तीनचा दुभाष्या झाला. तुरस्तीन म्हणजे नव्या धन्याचा कारभारी. धनी दोन वर्षांत एकदा येतो, पण हा इथेच असतो, टेकडीवरच्या लाकडी गढीत. सेरिकला फ्रेंच येत होतं कारण बाबांनी त्याला लहानपणी बंदरावरच्या लोकर-व्यापाऱ्याकडे ठेवलं होतं, हे तुला सांगायला नको. तुमचं भांडण झालं तेही मला आठवतं. तुझं घर त्या लांब दाताच्या फ्रेंचाने घेतल्याला आठ दिवससुद्धा झाले नव्हते. आमच्या दारात उभा राहून तू त्याला म्हणालास, "मान भादरून आलास, आता जीभही भादरून घे." तो म्हणाला, "जीभ भादरली तर तुमच्या वतीने बोलेल कोण, तुझी कुऱ्हाड?" तू हसला नाहीस. मी हसले होते, आणि त्याचा तुला राग आला होता. त्यानंतर तू आमच्याकडे आला नाहीस आणि महिनाभरात गाव सोडून रानातल्या बंडखोरांत गेलास.

तू गेल्यावर तो काय बोलत होता ते तुला कळायला मार्ग नव्हता. गावालाही नव्हता. मला कळायचं, कारण घरी येऊन तो मला सांगायचा आणि चुलीपाशी बसून पोट धरून हसायचा. गढीवर दर पंधरा दिवसांनी कचेरी भरते. एक दिवस म्हाताऱ्या टेटाला तिथे उभं केलं. टेटा म्हणजे आपल्या गावप्रमुखाची, एल्नॉथची आई. तिच्या हंसांनी धन्याच्या कुरणात चोच घातली म्हणून. तिने तुरस्तीनकडे बघून हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाली, "मेल्या, तुझ्या घोड्याला हगवण लागो आणि ती तुझ्या अंगावर होवो." तुरस्तीनने विचारलं, काय म्हणते? सेरिक म्हणाला, ही बाई आपल्या घोड्याच्या प्रकृतीसाठी रोज प्रार्थना करते. तुरस्तीन इतका खूश झाला की हंस सोडून दिले. तेव्हापासून टेटा दर कचेरीला जायची, काम असो नसो. तिच्या शिव्या दर वेळी नव्या असायच्या आणि सेरिकला तितक्याच नव्या प्रार्थना रचाव्या लागायच्या. उलट बाजूनेही तसंच. तुरस्तीन ओरडायचा, ही डुकरं उद्यापर्यंत आली नाहीत तर मी यांची घरं जाळीन. सेरिक लोकांना सांगायचा, साहेबांना घाई आहे, जमलं तर उद्या सकाळी आणा, दुपार करू नका. दोन्हीकडे खोटं बोलून त्याने हे गाव पाच वर्षं चालवलं. या पाच वर्षांत आपल्याकडे एकही घर जळलं नाही. नदीपलीकडे किती जळली ते तू मोजली असशील.

गावाला यातलं काही माहीत नव्हतं. गावाला दिसायची ती त्याची मान. मागून कानापर्यंत भादरलेली, फ्रेंचांसारखी, वर तेवढे टोपीसारखे केस. मिशीही काढलेली. त्याला 'मुस्यू' म्हणायचे, फ्रेंच त्यांच्या साहेबाला म्हणतात तसं. लोक बिअर प्यायला बसलेले असताना तो आला की बाक रिकामं व्हायचं. मुली त्याच्या जवळून जाताना नाक धरायच्या, फ्रेंचांच्या केसांना लावायच्या तेलाचा वास येतो म्हणून. तो तेल लावत नव्हता. माझ्याशी कुणी उघड वाकडं वागलं नाही, पण माझ्या घरी कुणी आलंही नाही. गोल्डा तेवढी यायची, आणि तीही मागच्या दाराने.

उन्हाळ्यात जात्यांचा हुकूम निघाला. घरोघरची जाती फोडायची आणि सगळ्यांनी धन्याच्या पाणचक्कीवरच दळायचं, दळणातला वाटा द्यायचा. सेरिकने तुरस्तीनला सांगितलं की गरीब गाव आहे, सगळी मिळून तीनच जाती आहेत. गावात एकोणीस होती. मग तीन जुनी, तडकलेली जाती आणून कचेरीपुढे फोडली. टेटाने तिथे बसून असा गळा काढला की तुरस्तीननेच तिला पाणी द्यायला लावलं. बाकीची सोळा गवताखाली, पलंगाखाली, एक तर चर्चच्या वेदीमागे गेली. पण गेल्या महिन्यात कुणीतरी हे गुपित फोडलं. कुणी ते माहीत नाही, मी शोधायलाही गेले नाही. तुरस्तीन तेव्हा शहरात होता, धन्याच्या कारकुनाकडे. निरोप आला की परत आल्यावर घराघराची झडती होईल. एल्नॉथ मागच्या दाराने आमच्याकडे आला. टोपी हातात होती. म्हणाला, "सेरिक, बाबा, शहरात जाऊन त्याच्या कानाशी लाग. तुझं ऐकतो तो." सेरिक म्हणाला, "मुस्यूचं ऐकतो म्हण की." सेरिकने त्याला बसायला सांगितलं, बिअर दिली आणि सोमवारी सकाळी निघाला.

तो रानातल्या वाटेने गेला. मोठ्या रस्त्याने दोन दिवस लागतात आणि त्याला घाई होती. मंगळवारी डुकरं राखणाऱ्यांना अ‍ॅशच्या झाडांखालच्या खळग्यात सापडला.

एल्नॉथ आणि दोघं जण मला घेऊन गेले. पाठीत बाण लागलेला होता, खांद्यांच्या मधोमध. बाण काढून नेलेला होता. थैली होती, सुरी होती, बूटही होते, कशाला हात लावलेला नव्हता. तो उताणा होता. हात अंगालगत सरळ केलेले, डोळे मिटलेले, अंगरखा तोंडावर ओढलेला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी कानांना लागून, एकेक चपटा दगड ठेवलेला होता. एल्नॉथ म्हणाला, "हे कसले दगड?" कुणालाच ठाऊक नव्हतं. मीही काही बोलले नाही.

बुधवारी तुरस्तीन शहरातून परतला आणि आमच्या दारात आला. एकटाच आला, कारण आता त्याच्यासोबत आणायला दुभाष्याच नव्हता. नऊ वर्षांत आपल्या भाषेचे चाळीसेक शब्द त्याने उचलले आहेत, त्यातले निम्मे घोड्याचे आणि निम्मे धमकीचे. त्याच शब्दांतून तो वाट काढत होता. म्हणाला, "सेरिक चांगला. सेरिक माझा." मग बोट माझ्याकडे केलं, "तू गप्प. शनिवारी गप्प. शपथ नाही." आणि गळ्याभोवती दोर आवळल्याची खूण केली, म्हणाला, "मी पकडतो. मारला त्याला, मी पकडतो." मी विचारलं, "आणि गाव?" त्याला कळलं. म्हणाला, "गाव पैसा. गाव वाईट, सेरिकला वाईट. तू माहीत." मग हातांनी सांगितलं की गढीवर जी नवी दगडी प्रार्थनाघराची भिंत चढते आहे, तिच्या आत तो सेरिकला पुरेल, मेणबत्त्या लावेल, फ्रेंच माणसाला पुरतात तसा. जाताना घोड्यावर चढला आणि थांबला. म्हणाला, "म्हातारी. घोडा. प्रार्थना. अजून?" मी मान हलवली, हो. त्याने हातमोज्याने डोळे पुसले. मला ते बघायचं नव्हतं, पण बघितलं.

तो खोटं बोलत नव्हता. मी गप्प राहिले तर तो मारणाऱ्याला शोधून काढेल. त्याच्याकडे कुत्री आहेत, तीस घोडेस्वार आहेत, हट्ट आहे. हे गेले दोन दिवस मी घरात फेऱ्या मारत मनात घोळवते आहे. मला काहीच करायचं नाही. फक्त तोंड उघडायचं नाही. आयुष्यभर मी तेच करत आले आहे.

काल गुरुवारी गाव आलं. पुढच्या दाराने. एल्नॉथ, त्याचे दोन मेहुणे, गोल्डा, आणि काठी टेकत टेटा. कुणी पाव आणला होता, कुणी वाटाण्याचं कालवण. सेरिक आला की जे बाकावरून उठायचे, त्याच लोकांना मी आमच्या घरच्या बाकावर बसलेलं पाहिलं. एल्नॉथ घसा खाकरून म्हणाला, "वुल्फरून, पोरी, तो आपलाच होता." मी विचारलं, "कधीपासून?" टेटा म्हणाली, "मंगळवारपासून. खरं सांग ना लेका, मेल्यावरसुद्धा कसली लाज." कुणाला हसावं की नाही ते कळेना. एल्नॉथचा धाकटा मेहुणा म्हणाला, "शपथेचे शब्द एकदा म्हणून बघू या का? ऐन वेळी चुकायला नकोत." मी म्हटलं, मी अजून ठरवलेलं नाही. तेव्हा सगळ्यांची तोंडं पडली. एल्नॉथ म्हणाला, "अगं, ठरवायचं काय त्यात? तो इंग्रज होताच की. खरं तेच बोलायचं आहे." टेटा म्हणाली, "गप रे. नऊ वर्षं झाली फ्रेंचांना येऊन आणि पाच वर्षं तुम्ही याला फ्रेंच म्हणता. म्हणताना विचार केला नाहीत, मग आता तिने केला तर तुमचं काय जातं?" "आमचे बैल जातात, आई," एल्नॉथ म्हणाला. त्याचा आवाज असा होता की मला त्याचाही राग धरता आला नाही. त्याच्या घरात सात तोंडं आहेत.

निघताना टेटा मागे राहिली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मी काय बोलते आणि तो त्याचं काय करतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं बरं का. त्या फ्रेंचाचं तोंड बघायची मी. एवढ्या घाण शिवीवर माणूस हसतो का कधी? म्हणून तर दर कचेरीला जायचे. हा पोरगा आज काय रचतो ते बघायला." मी विचारलं, मग तू गावाला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर चार दिवसांत तुरस्तीनच्या कानावर गेलं असतं. या गावाच्या पोटात काही राहतं का?" आणि मग, "पण बाकावर त्याच्या शेजारी बसायला हवं होतं मी. तेवढं करता आलं असतं." एवढं बोलून गेली. ती गेल्यावर मी पहिल्यांदा रडले.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. सेरिकची मान मी भादरत होते. दर दुसऱ्या रविवारी, चर्चहून आल्यावर, दारातल्या उजेडात. पहिल्यांदा त्यानेच सांगितलं तेव्हा मी नको म्हणत होते. तो म्हणाला, वाटेवर फ्रेंचांची गस्त लांब केसांचा माणूस दिसला की आधी मारते आणि मग विचारते, मागून भादरलेली मान दिसली की हात वर करून जाऊ देते. म्हणजे जीव वाचावा म्हणून. या रविवारीही भादरली. शहरात जायचं म्हणून नीट, अगदी कानाच्या वरपर्यंत. तो म्हणाला, "आज काय मेंढीची लोकर उतरवतेस का?" मी म्हटलं, "हलू नकोस, कान जाईल." दुसऱ्या दिवशी ती मान कुणालातरी झाडांमधून दिसली. दुसरं काही दिसायची गरज नव्हती. कात्री मी विहिरीत टाकली. नंतर त्याच्यावर घालायचं कापड कापायला शेजारून मागून आणावी लागली. असं मूर्खासारखं चाललं आहे.

ऑर्डगर, हे सगळं मी तुला नवीन सांगते आहे असं लिहीत आले. खळगा, बाण, अंगरखा. त्यातलं तुला काहीच नवीन नाही.

आई गेली त्या हिवाळ्यात जमीन गोठलेली होती आणि खणायला कुणाच्या अंगात ताकद नव्हती. तू आणि सेरिकने मिळून खणलं. आईला खाली ठेवल्यावर तू नदीवर गेलास आणि दोन चपटे दगड घेऊन आलास, एकेक तिच्या कानाशी ठेवलास. मी विचारलं हे काय, तर तू म्हणालास, तुझ्या आईच्या माहेरी, सेव्हर्न नदीपलीकडे, असंच करतात, म्हणजे मान कलत नाही, माणूस उठायच्या दिवशी सरळ वर बघत उठतो. या गावात तसं कुणी करत नाही. एल्नॉथला ठाऊक नाही, पाद्रीबाबांना ठाऊक नाही. त्या खळग्यात मी ते दगड बघितले आणि मला बसावं लागलं. सगळ्यांना वाटलं भाऊ बघून बसले.

तू त्याला मागून ओळखलं नाहीस, असं मी धरून चालते. ओळखलं असतंस तर दगड आणायला ओढ्यापर्यंत गेला नसतास. फ्रेंच समजून बाण सोडलास, जवळ जाऊन उलटा केलास आणि तोंड बघितलंस. बाण तू कसा काढला असशील, हेही मला डोळ्यांपुढे येतं, नको असताना येतं. पण मधूनच, दारापर्यंत जाऊन परत येताना, दुसरंही मनात येतं. तुमचं भांडण येतं. तू त्याला आमच्या दारात काय म्हणाला होतास ते येतं. मला उत्तर नको आहे. तू खरं लिहिलंस तरी मी ते दोन्ही बाजूंनी वाचत बसेन. फक्त एक सांगते, आणि हे मागणं आहे असं समज. वाटेवर कुणी दिसला तर आधी हाक मार. त्याला वळू दे. वळल्यावर जे करायचं ते कर, पण त्याचं तोंड बघून कर. भादरलेल्या मानेचे आता इंग्रजही पुष्कळ आहेत. सगळ्यांना बहिणी आहेत.

तुरस्तीनला मी दगडांबद्दल सांगितलं नाही. सांगणारही नाही. बुधवारी सांगायला तोंड उघडलं होतं. त्याने घोड्याचं विचारलं आणि मी मिटलं. तेव्हा मला वाटलं मी तुझ्यासाठी मिटलं. आता नीट विचार केल्यावर तसं वाटत नाही. सेरिक पाच वर्षं रोज टेकडी चढून गेला तो हे गाव उभं राहावं म्हणून. शिव्या खाऊन, एकटा बसून, रोज खोटं रचून. सोमवारी निघाला तोही सोळा जात्यांसाठी. मी गप्प राहिले तर त्याला दगडी भिंतीत मेणबत्त्या मिळतील, मला माझा सूड मिळेल, आणि त्याने जे सांभाळलं ते त्याच्याच मढ्यापायी बुडेल. एल्नॉथचे बैल जातील, टेटाचे हंस जातील. माझ्या भावाला मी असं वापरू शकत नाही. एवढं ठरायला मला चार दिवस लागले. ठरल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. अजून फेऱ्या चालूच आहेत.

गोल्डा टोपली घेऊन आली आहे, उजेड असेतो तिला परतायचं आहे, म्हणून आता हे का लिहायला बसले तेवढं लिहून थांबते. उद्या सभेत, वाकड्या ओकच्या झाडाखाली, मी हात वर करून म्हणेन की सेरिक इंग्रज होता, आमच्या आईचा आणि बाबांचा. दंड टळेल. शोध थांबेल. कुत्री गढीवरच राहतील. दोन दिवसांत ही बातमी तुझ्यापर्यंत येईल आणि तू हिशेब मांडशील. तू म्हणशील, तिने दगड ओळखले असणार, तरी ती बोलली, म्हणजे तिने मला वाचवलं. म्हणजे तिच्या मनात मी अजून आहे. मी तुला ओळखते, तू असंच म्हणशील, आणि मग एखाद्या संध्याकाळी मागच्या दाराशी येशील. येऊ नकोस. शपथ सेरिकसाठी आहे. वाचणाऱ्यांत तूही आहेस, कारण तुला वगळून गाव वाचवायची सोय कायद्यात नाही. माफी मी दिलेली नाही. ती शपथेत आहे असं तुला वाटू नये, एवढ्यासाठी हे पत्र. कधी देता आली तर वेगळं पत्र लिहीन. नाही आलं तर, नाही आलं, असं समज.

सेरिकची बहीण,
वुल्फरून